३ इंची बाय-एलईडी प्रोजेक्टर किट घरी बसवावं का?

गायमुखच्या घाटात पावसाळी रात्री समोरून ट्रेलर आला की एच४ हॅलोजन बल्बचा (अपर-डिपर दोन्ही एकाच बल्बमध्ये असलेला) आपला उजेड रस्त्यावर पडतोय की नाही, हेच कळेनासं होतं. उरण-पनवेलच्या बाजूने जेएनपीटीच्या कंटेनरांमधून वाट काढणाऱ्यांचीही हीच तक्रार. त्यावरचा उपाय म्हणून दुकानदार जो डबा पुढे करतात तो म्हणजे ३ इंची बाय-एलईडी प्रोजेक्टरची, म्हणजे हेडलाइटच्या आत बसणाऱ्या लेन्सवाल्या एलईडी दिव्यांची, जोडी. हे परीक्षण कुठल्या एका ब्रँडचं नाही. एच४ रिफ्लेक्टरच्या (बल्बमागे वाटीसारखा आरसा असलेल्या हेडलाइटच्या) गाडीसाठी मिळणाऱ्या या संपूर्ण वर्गातल्या किटचं आहे, आणि ते दुकानात न देता सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बसवण्याचं आहे.

निकाल आधी सांगतो. किट नीट निवडलं, हेडलाइट नीट सील केला आणि फोकस मोजून लावला, तर फरक खूप मोठा पडतो: रस्त्याची डावी कड, खड्डे, बिनरिफ्लेक्टरची बॅरिकेड लांबून दिसतात आणि समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जात नाही. या तिन्हींपैकी एक जरी चुकलं तरी मूळचा हॅलोजन बरा होता असं म्हणायची वेळ येते. पहिल्यांदा करणाऱ्या दोघांना पूर्ण एक दिवस लागतो. दोन तासांत होतं असं सांगणारा सीलिंगमध्ये घाई करतो, हे नक्की समजावं.

किट घेताना आधी कटऑफ बघा, ल्युमेन नंतर

प्रोजेक्टरच्या आत लंबवर्तुळाकार आरसा असतो. एलईडी त्याच्या एका नाभीवर बसवलेला असतो, उजेड दुसऱ्या नाभीपाशी एकवटतो आणि तिथेच धातूची एक पातळ पट्टी, म्हणजे शील्ड, उभी असते. पुढची बहिर्गोल लेन्स त्या पट्टीच्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर फेकते. म्हणून भिंतीवर वर काळोख, खाली उजेड आणि मधे सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. ही रेघ म्हणजे कटऑफ. अपर दिला की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा चुंबक, शील्ड खाली ओढतो आणि वरचा भाग उघडतो. एकाच प्रोजेक्टरमधून अपर आणि डिपर दोन्ही मिळतात, म्हणून तो ‘बाय’.

आता खरी मेख. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, तेव्हा कटऑफची पायरी डावीकडे वर चढलेली हवी: डावीकडे पादचारी आणि फलक दिसावेत म्हणून वर, उजवीकडे समोरून येणाऱ्यासाठी खाली. उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या प्रोजेक्टरमध्ये हे नेमकं उलटं असतं. ते आपल्याकडे बसवले तर उजेडाचा उंच भाग थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जातो, आणि फोकस कितीही खाली केला तरी ते सुटत नाही, उलट आपलाच रस्ता अंधारात जातो. डब्यावर ‘आरएचडी’ (उजव्या स्टिअरिंगच्या गाडीसाठी) लिहिलेलं पुरेसं नाही. दुकानातच १२ व्होल्टवर लावून भिंतीवर पायरी बघावी. ज्या दुकानात हे लावून दाखवायला नकार मिळतो, तिथून किट घेऊ नये.

कटऑफच्या कडेला बारीक निळसर-जांभळी छटा दिसते. लेन्समधून जाताना रंग वेगळे होतात म्हणून ती येते, तो दोष नव्हे. पण रेघ मधे तुटलेली, दोन ठिकाणी दुहेरी, किंवा एका टोकाला पुसट असेल तर शील्ड आणि लेन्समधलं अंतर चुकलं आहे. तो नग बदलून घ्यावा.

आता ल्युमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाच्या, आकड्यांबद्दल. एच४ हॅलोजन हा ६०/५५ वॅटचा बल्ब, १३.२ व्होल्टवर त्याचा ठरलेला उजेड डिपरला १००० आणि अपरला १६५० ल्युमेन. कारखान्यातून येणारा डी२एस झेनॉन ३२०० ल्युमेनचा. तेव्हा जोडीच्या डब्यावर २०,००० ल्युमेन छापलेलं दिसलं तर तो आकडा सोडून द्यावा आणि वॅट मोजावेत. बॅटरीच्या वायरीत मालिकेत मल्टिमीटर १० ॲम्पिअरवर लावला की खरं कळतं: १३ व्होल्टवर ३ ॲम्पिअर आले तर ते ३९ वॅट, डब्यावर ६० असो की ८०. प्रोजेक्टरच्या आरशात, शील्डवर आणि लेन्समध्ये यातला बराच उजेड वाया जातो. तरीही ४० वॅटचा प्रामाणिक बाय-एलईडी हॅलोजनपेक्षा रस्त्यावर बराच जास्त उजेड टाकतो, कारण तो जिथे हवा तिथेच टाकतो.

रंग ४३०० ते ५५०० केल्विनच्या आत घ्यावा. ६५०० च्या पुढचा निळसर पांढरा कोरड्या रात्री झगमगीत वाटतो, पण ओल्या काळ्या डांबरावर आणि धारेच्या पावसात त्याचा उपयोग फार कमी वाटतो. जून ते सप्टेंबर ज्या शहरात गाडी ओल्या रस्त्यावर चालते, तिथे हा मुद्दा शोभेचा नाही.

रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब घालायचा स्वस्त मार्ग अनेकांना सुचतो. तो करू नये. हॅलोजनचा फिलामेंट बारीक आणि गोल सर्व बाजूंनी उजेड देणारा, रिफ्लेक्टरची नक्षी त्याच्याच जागेसाठी कोरलेली. एलईडीच्या चिप्स दोन बाजूंना चिकटवलेल्या, त्यामुळे उजेड भलतीकडे उडतो. समोरच्याला त्रास आणि आपल्याला जवळचाच रस्ता लख्ख, असं ते होतं.

हेडलाइट उघडण्याआधी टेबलावर

किट घरी आल्यावर लगेच बंपर काढायला घेऊ नका. दोन्ही प्रोजेक्टर १२ व्होल्टच्या बॅटरीला, वायरीत १५ ॲम्पिअरचा फ्यूज घालून, जोडा. वीस मिनिटं सलग चालवा. पंखा सुरू आहे का, त्याचा खरखर आवाज येतो का, हे ऐका. या वर्गातल्या किटमध्ये सर्वात आधी मरतो तो पंखाच. मोबाइलच्या लक्स मोजणाऱ्या ॲपने भिंतीवरच्या एकाच ठिपक्यावर सुरुवातीला आणि वीस मिनिटांनी वाचन घ्या. एलईडी तापला की उजेड थोडा घटतोच. पण पाव भागापेक्षा जास्त घटला तर हीटसिंक किंवा ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) कमी प्रतीचा आहे. अपर-डिपर पन्नासदा करून सोलेनॉइड एकदाही अडकत नाही ना, ते बघा. दोन्हींचा रंग शेजारी शेजारी जुळवा. एकदा ब्यूटाइल (हेडलाइटची काच चिकटवणारा काळा रबरी पदार्थ) लागलं आणि भोक मोठं केलं की दुकानदार नग परत घेणार नाही, म्हणून ही वीस मिनिटं फार मोलाची आहेत.

लेन्सला आणि आतल्या आरशाला बोट लावू नये. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ मायक्रोफायबर, तेही फक्त लेन्सवर. हेडलाइटच्या रिफ्लेक्टरवरची चांदी म्हणजे निर्वात पोकळीत चढवलेला ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर. तो कापडानेही ओरखडतो. त्याला हातच लावायचा नाही.

सामान असं लागतं: १० मिमीचा सॉकेट आणि पाना, फुलीचा पेचकस, क्लिप काढायचे प्लास्टिकचे पाने, तापमान ठरवता येणारी १५०० ते २००० वॅटची हीट गन, जाड सुती हातमोजे, स्वयंपाकघरातला प्रोबचा थर्मामीटर, ८ मिमीची काळी ब्यूटाइलची दोरी, स्प्रिंगचे सहा-आठ चिमटे, मल्टिमीटर, ४० ॲम्पिअरचे रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू करणारे स्विच), १.५ ते २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी) आणि हीट श्रिंक स्लीव्ह. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला, वायर-कनेक्टर लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतात. ब्यूटाइल मात्र हाताने ताणून बघून घ्यावं: चांगलं ब्यूटाइल रबरासारखं लांबतं, जुनं तुटतं. दोन हेडलाइटना अंदाजे पाच मीटर दोरी पुरते, एक मीटर जास्तच आणावी.

उघडणं

बंपर काढण्याची प्रत्येक गाडीची रीत वेगळी, त्यात फार शब्द घालवण्यासारखं नाही. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा, फॉगलॅम्प आणि सेन्सरचे कपलर ओढण्याआधी दाबून सोडा, काढलेले स्क्रू कुठल्या भोकातले ते कागदावर टोचून ठेवा. पाच-सहा क्लिपा तुटणारच, नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

हेडलाइट हातात आला की सर्वात आधी सील कोणता आहे ते तपासा. काचेच्या (म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या) कडेला खाचेत काळा मऊ पदार्थ दिसेल. पेचकसाच्या टोकाने दाबला की खड्डा पडतो आणि चिकट तंतू ओढले जातात, तर ते ब्यूटाइल: गरम केलं की सैल होतं. टोक दाबल्यावर तो पदार्थ कडक आणि तुटणारा वाटला, तर कारखान्याने कायमचं चिकटवलं आहे. उष्णतेने ते सुटत नाही, कापूनच काढावं लागतं, आणि घरी ते करायला जाऊ नये. काच फुटली तर नवा हेडलाइट घ्यावा लागतो. या एका तपासणीवर पुढचं सगळं अवलंबून आहे आणि ती किट विकत घेण्याआधी, हेडलाइट गाडीवर असतानाच, टॉर्च मारून करता येते.

बल्ब, मागच्या रबरी टोप्या, लेव्हलरची (उजेड वरखाली करणारी) मोटर, पार्किंगचा होल्डर काढून ठेवा. काचेच्या कडेचे लपलेले स्क्रू सगळे निघाले का, ते दोनदा बघा. एक स्क्रू राहिला तर ओढताना हाउसिंगच तडकतं.

गरम करण्यासाठी घरातला ओव्हन बहुधा लहान पडतो, आणि तिथे अन्न शिजतं हेही लक्षात ठेवावं. त्यापेक्षा जाड पुठ्ठ्याचं मोठं खोकं, आतून ॲल्युमिनियम फॉइल लावलेलं, कडेला हीट गनसाठी एक भोक. नळीचं तोंड हेडलाइटकडे नको, फॉइलच्या भिंतीकडे तिरकं ठेवायचं. थर्मामीटरवर ८५ ते ९५ अंश सेल्सिअस टिकवून १० ते १२ मिनिटं. जास्त नाही. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंशांना मऊ होतो, पण हाउसिंगचं आणि चांदीच्या थराखालचं प्लास्टिक त्याच्या बरंच आधी वाकायला लागतं. खोकं सोडून उठून जाऊ नका, पाण्याची बादली बाजूला असू द्या. मग एका कोपऱ्यात प्लास्टिकची पाती घालून, कुलूप-टॅब एकेक उचलत, हळूहळू उघडा. अडलं तर ताकद लावायची नाही, पुन्हा चार मिनिटं खोक्यात.

बसवणं

एच४ चं भोक असलेल्या रिफ्लेक्टरमध्ये प्रोजेक्टर मागच्या बाजूने निघालेल्या आटेदार दांड्याने आणि नटाने धरतो. किटमधला धातूचा ॲडॉप्टर बल्बच्या भोकाच्या खाचांत बसतो का ते आधी पहा. तो खुळखुळत असेल तर प्रोजेक्टर कधीच सरळ राहणार नाही. प्रोजेक्टरच्या लेन्सपासून बाहेरच्या काचेपर्यंत किमान १ सेंमी मोकळं हवं, आणि लेव्हलर वरखाली करताना श्राउड (लेन्सभोवतीचं शोभेचं कडं) कुठे घासू नये.

इथे आपल्या रस्त्यांचा संबंध येतो. प्रोजेक्टर जड असतो आणि तो पातळ प्लास्टिकच्या वाटीला टांगलेला असतो, तीही तीन टोकांवर, दोन ॲडजस्टरचे चेंडू आणि लेव्हलरचा दांडा. खड्ड्यांत ती वाटी थरथरते, उजेड रस्त्यावर नाचतो, आणि काही महिन्यांत भोकाच्या मानेला तडा जातो. म्हणून मागच्या बाजूला धातूची वॉशर-पट्टी घालून भार पसरवायचा, नट लॉकनटने पक्का करायचा. नुसता प्लास्टिकवर नट आवळलेलं काम घोडबंदर रोडवर टिकत नाही.

नट हाताने सैलसर लावूनच पहिली तपासणी करा: उघडा हेडलाइट गाडीत तात्पुरता बसवून भिंतीवर कटऑफ पाडा. पाण्याची पातळीपट्टी भिंतीला लावून रेघ आडवी होईपर्यंत प्रोजेक्टर दांड्यावर फिरवा, मग नट आवळा, आवळताना तो थोडा फिरतो म्हणून पुन्हा बघा. काच चिकटवल्यावर तिरकी रेघ सुधारता येत नाही. फोकसचे स्क्रू वरखाली आणि डावं-उजवं करतात, ते वळण सुधारत नाहीत.

चिकटवण्याबद्दल दोन गोष्टी फार थोड्यांना माहीत असतात. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन हेडलाइटच्या आत कुठेही वापरू नये. सुकताना ते ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि चांदीचा थर काळवंडतो. घ्यायचंच तर न्यूट्रल क्युअर. आणि फेव्हीक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद आत लावला की त्याच्या वाफेने लेन्सवर पांढरी भुरी बसते. श्राउडसाठी उष्णता सोसणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी बरा, पूर्ण सुकल्यावरच काच बसवायची.

वायरिंग

एच४ च्या कपलरला तीन टोकं: डिपर, अपर आणि कॉमन. काही गाड्यांत कॉमन अर्थ असतो आणि स्विच पॉझिटिव्ह पाठवतो. जपानी वंशाच्या अनेक गाड्यांत उलटं, कॉमनला कायम पॉझिटिव्ह आणि स्विच अर्थ देतो. किटचा हार्नेस (वायरींचा तयार जुडगा) एका प्रकारचा आणि गाडी दुसऱ्या प्रकारची असली की दिवा लागतो पण अपर येत नाही, किंवा अपर कायम चिकटून राहतो. किट खराब म्हणून परत आलेल्या बऱ्याच जोड्यांचं मूळ इथे सापडेल. तपासणी सोपी: बल्ब काढा, दिवा डिपरला ठेवा, मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला धरून लाल तार तिन्ही टोकांना लावा. डिपर-अपर बदलताना १२ व्होल्ट एका टोकावरून दुसऱ्यावर गेले तर पॉझिटिव्ह स्विचिंग. एका टोकाला दोन्ही वेळी १२ व्होल्ट तसेच राहिले तर निगेटिव्ह. त्यासाठी वेगळा हार्नेस मागावा.

अपर दिल्यावर एच४ मध्ये डिपरची वायर बंद होते. बाय-एलईडीत मात्र अपरलाही एलईडी सुरूच हवा, फक्त शील्ड उघडायची. म्हणून किटच्या कंट्रोलरमध्ये डायोड असतात: एलईडीला दोन्हींपैकी कुठूनही वीज, सोलेनॉइडला फक्त अपरमधून. अपर देताना क्षणभर पूर्ण काळोख होत असेल तर कंट्रोलरमधली ही सोय नाही किंवा कमकुवत आहे. रात्री ८० च्या वेगात तो क्षण फार मोठा असतो. असं किट ठेवू नये.

मूळ कपलर कापायचा नाही. त्यातून फक्त रिलेला इशारा घ्यायचा (रिलेवर छापलेली ८५ आणि ८६ ही टोकं), मुख्य वीज बॅटरीतून ३० ला आणि ८७ मधून प्रोजेक्टरला. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून १५ सेंमीच्या आत, १५ ते २० ॲम्पिअरचा. अर्थिंगचा लग रंग खरवडून बॉडीच्या नटाखाली आवळा, वरून ग्रीस लावा, कारण खाडीकाठच्या दमट हवेत उघडं लोखंड लवकर गंजतं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचे आणि प्रोजेक्टरवरचे व्होल्ट तुलना करा: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक म्हणजे वायर बारीक किंवा जोड सैल.

ज्या गाड्यांत बल्ब गेल्याची सूचना डॅशबोर्डवर येते किंवा हेडलाइटचाच बल्ब मंद करून डीआरएल (दिवसा आपोआप लागणारा दिवा) म्हणून वापरतात, तिथे एलईडी लुकलुकतो. त्याला डिकोडर लागतो, आणि रिले त्या धडधडणाऱ्या विजेवर खडखडू शकतो. डीआरएलची सोय बंद करता येत असेल तर ती बंद करणंच उत्तम.

सील: पावसाळ्याची खरी परीक्षा

जुलैत काचेला आतून घाम धरलेला प्रोजेक्टर ठाण्यात जागोजाग दिसतो. कारण एकच, जुन्या ब्यूटाइलवर नवं चिकटवलेलं किंवा खाचेत जोड नीट न बसलेला. जुनं ब्यूटाइल गरम करून पूर्ण खरवडा, खाच अल्कोहोलने पुसा. नवी दोरी ताणून पातळ न करता, एकाच अखंड तुकड्यात बसवा. दोन्ही टोकं वरच्या बाजूला २ सेंमी एकमेकांवर दाबा, खाली नाही, कारण पाणी खाली साचतं. काच लावायच्या आधी हाउसिंग आतून हेअर ड्रायरने कोमट कोरडं करा. हवेतला ओलावा आत कोंडला गेला तर सील कितीही पक्का असला तरी काच धुरकट होणार. म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे मध्ये करावं. पावसाळ्यात करणं भागच असेल तर एसी तासभर चालवलेल्या बंद खोलीत काच लावावी.

मग पुन्हा खोक्यात ८५ अंशांना ८ ते १० मिनिटं, बाहेर काढून कडेने दाबत टॅब बसवा, चिमटे लावा, स्क्रू घाला, अर्धा तास हलवू नका. हाउसिंगच्या मागे ब्रीदरची छोटी भोकं असतात, ती बंद करू नयेत: दिवा तापला-गार झाला की हवा आत-बाहेर व्हावी लागते. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आत टाकून ठेवण्याचा सल्ला मिळतो. ती काही दिवसांत भरते, मग कामाची राहत नाही.

एलईडीचा पंखा मागे बाहेर येतो, जुनी रबरी टोपी त्यावर बसत नाही. ती तशीच दाबून बसवली तर पंख्याला हवा मिळत नाही, काढून टाकली तर पाणी आणि धूळ सरळ आत. खोल टोपी घ्यावी. किटबरोबर ती येत नसेल तर किटच्या किमतीत तिचा खर्च धरावा.

सीलची चाचणी बसवण्याआधी: पाइपने पाच मिनिटं जोडावर पाणी, प्रेशर वॉशर नव्हे, पुसून वीस मिनिटं दिवा चालू. आत एक थेंब दिसला तरी पुन्हा उघडा.

फोकस

सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये १० मीटर मोकळी जागा क्वचित मिळते, ५ मीटरही चालतं. मात्र तिथली फरशी पाणी वाहून जायला उतरती केलेली असते. १०० ला १ चा उतार म्हणजे फोकसची संपूर्ण दुरुस्तीच त्यात गेली. म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून गाडीच्या चाकांची आणि भिंतीच्या पायथ्याची पातळी आधी जुळवा. जमत नसेल तर सपाट जागा शोधा.

टायरची हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस, लेव्हलर शून्यावर. लेन्सच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा, समजा ६५ सेंमी. भिंतीवर त्याच उंचीला एक रेघ आणि त्याखाली दुसरी: ५ मीटरवर ५ सेंमी खाली, म्हणजे ६० वर. १० मीटर असेल तर १० सेंमी खाली. कटऑफचा उजवा सपाट भाग या खालच्या रेघेवर, आणि पायरी जिथे चढायला लागते तो कोपरा त्या लेन्सच्या बरोबर समोर. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्याचा कपलर काढून. दोन दिव्यांची एकत्र सरासरी लावायला जाऊ नये.

मागे चौघे बसले आणि डिकी भरली की पुढचं नाक वर जातं आणि सगळा हिशोब बिघडतो. वाहनांच्या दिव्यांबद्दलच्या यूएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) नियम ४८ मध्ये २००० ल्युमेनच्या वरच्या डिपरसाठी आपोआप लेव्हलिंग आणि काच धुण्याची सोय मागितली गेली, ती याच कारणाने. आपल्या किटमध्ये यातलं काही नसतं, तेव्हा गाडी भरली की लेव्हलरचं चाक फिरवण्याची सवय लावून घ्यावी. ज्या गाडीत लेव्हलर नाही, तिथे फोकस अर्धा टक्का, म्हणजे ५ मीटरवर अडीच सेंमी, आणखी खाली ठेवावा.

प्रोजेक्टरची एक मर्यादा मान्य करावी. कटऑफ एवढा कडक असतो की चढावर रेघेच्या वरचं काहीच दिसत नाही, आणि स्पीडब्रेकरवर नाक उचललं की समोरच्याला आपण अपर मारला असं वाटतं. पाम बीचसारख्या सपाट रस्त्यावर हा उजेड उत्तम, घाटाच्या वळणावर अपर वेळेवर द्यायला आणि वेळेवर काढायला शिकावं लागतं.

कायदा आणि दुसरा पर्याय

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १०६ सांगतो की दिव्याचा झोत खाली वळवलेला हवा आणि ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीच्या डोळ्याला तो दिपवणारा नसावा. एमएच-०४ असो की एमएच-४३, नियम एकच. फोकस नीट असल्याने समोरच्याचा त्रास वाचतो, पण मान्यता नसलेलं किट त्यामुळे मान्य होत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर वायरिंगच्या दाव्यावरून वाद होऊ शकतो, हेही धरून चालावं.

म्हणून आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये कंपनीचा प्रोजेक्टर हेडलाइट येत असेल तर आधी त्याची किंमत विचारावी. तो अख्खा बदलायचा असतो, काच उघडावी लागत नाही, सील कारखान्याचा, कटऑफ आपल्या बाजूचा आणि मान्यतेचा शिक्का काचेवर. कपलरचे टोक वेगळे असू शकतात, तेवढं जुळवावं लागतं. त्याची किंमत किटच्या जवळपास येत असेल तर किटचा विचार सोडावा. ब्यूटाइल सीलची, वॉरंटी संपलेली, वरचा प्रोजेक्टर व्हेरिएंट न मिळणारी एच४ गाडी असेल, तरच हे किट आणि हा खटाटोप पटतो.

बसवून महिना झाला की बंपर न काढता तीन गोष्टी बघाव्यात: मागच्या टोपीतून बोट घालून लॉकनट सैल झाला का, दोन्ही पंखे सारख्याच आवाजात फिरतात का, आणि त्याच भिंतीसमोर, त्याच खुणांवर, कटऑफ अजून ६० सेंमीवर आहे का. खुणा पुसू नयेत, पेन्सिलीने केलेल्या असल्या तर सोसायटीचीही हरकत नसते.